लहान डबा आधी

मुलांनो, असं समजा की तुम्ही एक डबा आहात. हसू नका, नीट समजा. स्टीलचा, कडीचा, झाकणावर लाल नेलपॉलिशनं आडनाव लिहिलेला डबा. पोटात गहू आहेत. हडपसरच्या एका पिठाच्या गिरणीत तुम्हाला रांगेत ठेवून तुमचा मालक घरी निघून गेला आहे. पुढे एक डबा, मागे एक डबा. पुढचा उचलला की तुम्हाला कोणीतरी पायानं पुढे सरकवतं, आणि तुम्हाला त्याचा राग येत नाही, कारण तुम्ही डबा आहात. आता मधेच एक एवढासा डबा येतो आणि तुमच्या पुढे जाऊन बसतो. थोड्या वेळानं आणखी एक येतो, तोही पुढे. मग आणखी एक. सांगा बरं, कसं वाटतंय?

ज्यांना राग आला, त्यांना संगणकशास्त्रातला एक अख्खा धडा न वाचता समजला. ज्यांना आला नाही ते फार चांगल्या घरचे डबे आहेत, त्यांनी पुढे वाचावं.

मैना माझी विद्यार्थिनी. शाळेत मी तिला अपूर्णांक शिकवले, त्यामुळे जगात काहीही अडलं तरी ते माझ्या दारात आणून ठेवायचा आपल्याला हक्क आहे असं ती समजते, आणि खरं सांगायचं तर मीही तसंच समजतो. तिचे आजोबा हिंदुराव. आमची सोसायटी आज जिथे उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं कांद्याचं शेत होतं. चहाला आले की ते दर वेळी हॉलच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून सांगतात, "सर, तुमचा टीव्ही हाय ना, तितं आमची हीर व्हती."

यावर श्यामला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणते, "ती अजून आहे. पावसाळ्यात भिंतीतून येते."

शेत गेल्यावर हिंदुरावांनी मांडव-डेकोरेशनचं दुकान काढलं आणि ते चांगलं चालवलं. मैना मात्र लोणी काळभोरच्या बाजूच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला गेली. मुलगी कॉम्प्युटर शिकते म्हणजे नक्की काय शिकते, यावर आमच्या सोसायटीत एकमत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाईंच्या मते टीव्हीचा रिमोट दुरुस्त करायला शिकते, आणि तो तिला जमला नाही म्हणून कॉलेज बरं नसावं, असं त्या जिन्यात भेटेल त्याला सांगत. सेक्रेटरींच्या मते ती मराठी टायपिंग शिकत होती. हिंदुरावांचं म्हणणं इतकंच, की काय शिकती ते म्हाईत न्हाय, पण थंड खोलीत बसून शिकती.

मी तिची पुस्तकं मागून घेतली आणि वाचली. निवृत्त मास्तराला पुस्तक मिळालं की तो विषय कुठला हे बघत नाही. त्यात रिमोटबद्दल एक अक्षर नव्हतं. एका पुस्तकात वस्तू रचून ठेवण्याच्या पद्धती होत्या. थाळ्यांची चळत असेल तर शेवटी ठेवलेली थाळी आधी निघते. रांग असेल तर आधी आलेला आधी निघतो. मी हे श्यामलाला उत्साहानं वाचून दाखवलं.

"मग तळाची थाळी कधी निघते?" तिनं विचारलं.

"पुस्तकात ते नाही."

"पाहुणे आले की निघते," ती म्हणाली. "मला पदवी कधी देणार ते विचारा तुमच्या मैनाला."

आणखी एका पुस्तकात माहितीची कपाटं कशी लावावीत हे होतं, एकात दोन यंत्रांनी एकमेकांशी पत्रव्यवहार कसा करावा हे होतं. पण मला सगळ्यात आवडला तो विषय ऑपरेटिंग सिस्टीम. त्यात गोष्ट एवढीच की कामं पुष्कळ, करणारं यंत्र एक, तेव्हा कोणाला आधी घ्यावं, कोणाला थांबवावं, आणि थांबलेल्यानं भांडू नये म्हणून काय करावं. मुलांनो, मी आयुष्यभर साठ मुलांच्या वर्गात हाच विषय शिकवत होतो आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.

नेमका याच विषयात मैनाचा पाय अडकला होता. लेखी परीक्षेत ती पाठांतराच्या जोरावर सुटली होती. तोंडी परीक्षेत मात्र प्रश्न जरा तिरका आला की पाठांतर सुरुवातीपासून पुन्हा म्हणायला लागे आणि परीक्षक तोवर थांबत नसत. दोनदा नापास झाली. आता तिसऱ्यांदा विषय राहिला तर पुढच्या वर्षात प्रवेश नाही. सगळ्या मैत्रिणी पुढे आणि ही घरी.

"घरी कशाला," हिंदुराव म्हणाले. "दुकानात बसंल की. खुर्च्या मोजायला कॉम्प्युटर लागतोच."

त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता, आणि तीच अडचण होती. आजोबा रागावले असते तर नातीला भांडता आलं असतं. ते प्रेमानं गल्ल्यामागची खुर्ची पुसून ठेवत होते.

तर या खेपेला तोंडी परीक्षेसोबत एक प्रकल्प करायचा होता, आणि तो खऱ्याखुऱ्या ठिकाणी चालवून दाखवायचा होता. वर्गातल्या निम्म्या मुलांनी रेल्वे आरक्षण घेतलं होतं. मैनाही तेच घेऊन गेली, तेव्हा तिचे मार्गदर्शक सर म्हणाले म्हणे, की आता रेल्वेला आरक्षणं पुरतील पण प्रवासी कमी पडतील.

"सर, काय घेऊ?" असं विचारत ती आली तेव्हा मी दळण घेऊन निघालो होतो. मी डबा खाली ठेवला. कधीकधी माणसाला आपल्याच हातात काय आहे ते उशिरा दिसतं.

"गिरणी," मी म्हणालो. "चक्की एक, डबे अनेक."

मैनाचे डोळे चमकले. तिच्या पुस्तकात यावर एक सिद्ध झालेली पद्धत होती: सगळ्यात छोटं काम आधी. कारण सोपं आहे. पोतंभर ज्वारी आधी घेतली तर मागचे दहा डबे तिच्यासाठी ताटकळतात. दहा डबे आधी घेतले तर एकटं पोतं ताटकळतं. सगळ्यांचा मिळून वाट बघण्याचा वेळ कमी होतो. हे गणितानं सिद्ध होतं, आणि गणितानं सिद्ध झालेल्या गोष्टीपुढे मी नेहमीच विरघळतो. पुढचा धडा एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना यंत्राला काय त्रास होतो याबद्दल होता. मैना म्हणाली, "तो ऑप्शनला टाकलाय सर. कधीच विचारत नाहीत." मी मान डोलावली. ही मान पुढे मला फार महाग पडली.

गिरणी मकबूलची. तिचं नाव 'बेगम पिठाची गिरणी', त्याच्या आईच्या नावावरून. मकबूललाही मी शिकवलंय, भूमिती. पण ते त्याच्या मनात फार राहिलेलं नाही, त्यामुळे आमचे संबंध चांगले आहेत.

"करा की सर," तो म्हणाला. "नाहीतरी रांगेवरून रोज भांडणं ऐकतोच. आता इंजिनिअरिंगची ऐकू."

मग कॉलेजचा कागद आला. प्रकल्प जिथे चालवला त्या 'आस्थापने'नं आपल्या लेटरहेडवर, गोल शिक्क्यानिशी, अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह दाखला द्यावा.

"लेटरहेड?" मकबूल म्हणाला. "गिरणीला वीजबिल असतं सर. लेटरहेड मी तर कोणत्याच गिरणीत पाहिलं नाही."

मी कॉलेजात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, लेटरहेड नसेल तर ते नाही असं लेटरहेडवर लिहून द्या. मी तो फोन हळूच ठेवला. शेवटी लेटरहेड छापायला टाकलं आणि शिक्का मंडईमागच्या एका दुकानात सांगितला. शिक्केवाल्यानं हुद्दा विचारला. मकबूलनं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मॅनेजिंग डायरेक्टर." शिक्केवाल्यानं वर न बघता विचारलं, "बाकीचे डायरेक्टर कुठायत?" मकबूल म्हणाला, "दळायला ठेवलेत."

नवरात्रातल्या पहिल्या रविवारी आमची पद्धत सुरू झाली. मैनानं लॅपटॉप आणला. पीठ जाऊ नये म्हणून तो दुधाच्या पिशव्यांत गुंडाळला होता. पण यंत्रालाही श्वास घ्यावा लागतो, आणि गिरणीतली हवा म्हणजे निम्मं पीठच. तासाभरात त्याच्या आतला पंखा कण्हायला लागला, मग खोकला, मग लॅपटॉप पांढरा आणि गप्प झाला.

"आता?" मैना रडवेली झाली.

"आता आपण हातानं करू," मी म्हणालो. "यंत्राच्या आधीही माणसं विचार करत होती." पुठ्ठ्याचे नंबर कापले, वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून बसलो. पुस्तकातल्या भाषेत मी 'शेड्यूलर', म्हणजे नंबर लावणारा, झालो. निवृत्तीनंतर मिळालेला हा माझा पहिला हुद्दा. मी दारावर पाटी लावली: 'लहान डबा आधी. मोठ्यांनी मोठेपणा दाखवावा.'

सुरुवात इतकी छान झाली की मला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटलं. छोटे डबेवाले आले, लगेच दळून हसत गेले. जाताना एक गृहस्थ म्हणाले, "सर, हे महापालिकेतही सुरू करा." मी विनयानं म्हणालो, बघू.

पण मुलांनो, चांगली बातमी हडपसरात रिक्षापेक्षा लवकर पोचते, आणि पुण्याच्या माणसाला नियम सांगितला की तो आधी त्याची मागची बाजू बघतो. अकराच्या सुमारास एक बाई मुलाच्या शाळेच्या टिफिनमधून गहू घेऊन आल्या. पाठोपाठ त्यांचा मुलगा दुसरा टिफिन घेऊन आला. मग नवरा, तांब्या घेऊन. घरातला एक मोठा डबा तीन नंबरांत वाटून आला होता, आणि नियमाप्रमाणे तिन्ही लहान होते. मी तिन्ही नंबर दिले, पाटी माझ्याच अक्षरात होती.

या सगळ्यात हिंदुराव सकाळपासून ज्वारीचं पोतं घेऊन बसले होते. नातीच्या प्रकल्पाला आधार म्हणून स्वतः आले होते. दर वेळी त्यांचा नंबर आला की दारातून एखादा तांब्या यायचा.

"सर," ते शेवटी म्हणाले, "मी हितं दळण दळाया आलोय का राखण कराया?"

मैना आनंदानं पुढे आली. "आजोबा, याला स्टार्व्हेशन म्हणतात, म्हणजे उपासमार. छोटी कामं येतच राहिली की मोठ्या कामाला नंबरच लागत नाही. पुस्तकात आहे."

"पुस्तकात हाय?" हिंदुरावांनी पोत्यावर हात ठेवला. "म्हंजे ठरवून उपाशी ठेवलंय व्हय."

एवढ्यात मकबूलला मंडईतून फोन आला, शिक्का तयार आहे, दुकान लवकर बंद होणार आहे. तो मला म्हणाला, "सर, हे ज्वारीचे दोन डबे आणि हिंदुरावांचं पोतं, एवढंच दळा. वरून धान्य, खालून पीठ. मी हा आलोच." आणि स्कूटर काढून गेला. दळणात काय एवढं, असं मला वाटलं. ज्वारीचे दोन डबे मी झोकात दळले. कपड्यांवर पीठ बसलं, पण ते कर्तृत्वाचं पीठ होतं.

तेव्हा मंदाकिनीबाई आल्या. हातात पितळी डबा. डब्यात उपासाची भाजणी, म्हणजे भाजलेला साबुदाणा, वरी आणि राजगिरा. नवरात्राचे नऊ दिवस त्या धान्याला शिवत नाहीत. एरवी त्या भाजणी पहाटेच आणून ठेवत, मकबूल चक्की साफ करून सगळ्यांच्या आधी दळून देई. आज मात्र त्यांनी पाटीची बातमी ऐकली होती.

"लहान डबा आधी ना?" त्यांनी विचारलं.

"अर्थात," शेड्यूलर म्हणाले.

हिंदुरावांनी नुसते डोळे मिटून घेतले. मी भाजणी ओतली, खाली त्यांचाच डबा लावला, दळून झालं. आणि हिंदुरावांना आणखी दुखवू नये म्हणून लगोलग त्यांची ज्वारी वरच्या तोंडात ओतली. बटण दाबणार, तोच मंदाकिनीबाईंनी चिमूटभर पीठ बोटांत घेतलं, चोळलं, हुंगलं.

"सर, यात ज्वारी आहे."

"नाही हो, तुमचीच भाजणी."

"माझ्या भाजणीत तुमच्या चक्कीची ज्वारी आहे. आधी काय दळलंत?"

चक्कीच्या पोटात मागच्या दळणाची मूठभर राहते आणि ती पुढच्याच्या पिठात येते, हे मला त्या क्षणी समजलं. हे आधी समजायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. श्यामलानंही तेच म्हटलं, पण ते संध्याकाळी.

"मी उपास करायला भाजणी आणली होती," मंदाकिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "सोडायला नाही. आता चक्की साफ करा, घरून दुसरी भाजणी आणते ती दळा, मग हा डबा उचलीन. तोवर हा इथून हलणार नाही. मकबूलला बघू दे."

"चक्की साफ करायची तर वरची ज्वारी काढावी लागेल," मी म्हणालो.

"ज्वारीला हात लावायचा न्हाय," हिंदुराव उठून उभे राहिले. "सकाळधरनं बसलोय. आता कुटं नंबर लागलाय."

"मग ज्वारी दळून संपवतो."

"दळा की."

"पण खाली यांचा डबा आहे."

"उचला की."

"उचलायचा नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

दाराशी टिफिन आणि तांबे जमले होते. त्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. एक म्हणाले, गिरणीविरुद्ध ग्राहक मंचात जा. एकजण म्हणाले, ज्वारी उपासाला चालते असं कुठंसं वाचलंय. त्यांच्याकडे मंदाकिनीबाईंनी अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी आपला तांब्या उचलला आणि गेले. मी खुर्चीवर बसलो. माझ्या मिशांवर पीठ होतं, त्यामुळे माझा चेहरा कोणाला दिसला नाही हे बरंच झालं.

आणि मधे उभी असलेली मैना हसायला लागली.

हसते कशाला म्हणून मी चिडणार होतो, पण ते हसणं थट्टेचं नव्हतं. अपूर्णांकांची बेरीज पहिल्यांदा जमली तेव्हा ती अशीच हसली होती.

"सर, हा डेडलॉक आहे," ती म्हणाली. "मी याची व्याख्या इतक्या वेळा लिहिली आणि मला हे माहीतच नव्हतं. बघा ना. एक वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते: चक्की. प्रत्येकानं एक वस्तू धरून ठेवलीय आणि दुसरीची वाट बघतोय: काकूंनी खालची जागा धरलीय, त्यांना साफ चक्की हवीय, आजोबांनी चक्की धरलीय, त्यांना खालची जागा हवीय. कोणाच्या हातातलं कोणी ओढून घ्यायचं नाही. आणि दोघं एकमेकांसाठीच थांबलेत, गोल. चार अटी. चारही आहेत."

"आहेत हे दिसतंय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "उपाय आहे का पुस्तकात?"

"आहे काकू. एकानं हातातलं सोडायचं. त्याचं नुकसान होतं, पण बाकीचे सुटतात. पुस्तकात त्याला व्हिक्टिम म्हणतात."

ती इकडेतिकडे बघू लागली. हिंदुराव माझ्याकडे बघू लागले. मंदाकिनीबाई तर आधीपासूनच बघत होत्या. टिफिन आणि तांबेही वळले. मुलांनो, लोकशाहीत निर्णय किती लवकर होतात हे मी त्या दिवशी पाहिलं.

माझा डबा कोपऱ्यात गव्हानं भरलेला होता. मी गहू हिंदुरावांच्या उपरण्यात ओतले, मोकळ्या डब्यात ती ज्वारीमिश्रित भाजणी घेतली, मंदाकिनीबाईंचा पितळी डबा पुसून त्यांच्या हातात दिला आणि दुसरी भाजणी आमच्या घरून भाजून मिळेल असा शब्द दिला. कोणाच्या वतीनं शब्द दिला हे श्यामलाला नंतर कळलं. ज्वारी दळून झाली तेव्हा मकबूल नवा शिक्का फुंकत दारात आला. त्यानं एकेकाचा चेहरा पाहिला, माझ्या मिशा पाहिल्या आणि म्हणाला, "दाखला आजच देऊ, की शुद्धीवर आल्यावर?"

घरी भाजणीची कढई हलवत श्यामला म्हणाली, "अहो शेड्यूलर, उद्यापासून तुम्ही एकच काम करा. तेही मी सांगेन ते." मी ती ज्वारीची भाजणी आठवडाभर थालीपिठं करून खाल्ली. सांगायला हरकत नाही, चव उत्तम होती.

मैना दुसऱ्याच दिवशी तो ऑप्शनला टाकलेला धडा घेऊन आली. एक काम सोडून दुसरं धरताना यंत्राचा वेळ जातो, आधीचं आवरावं लागतं, नाहीतर एकाचं दुसऱ्यात मिसळतं. सगळं त्यात लिहिलेलं होतं. तिनं पद्धत बदलली. एका धान्याचे डबे एकत्र, धान्य बदललं की चक्की साफ. जो जास्त थांबेल तो आपोआप वर सरकेल. मोठं पोतं एकदम न घेता थोडंथोडं, म्हणजे तेही उपाशी नाही आणि मागचेही नाहीत. आणि प्रत्येकाला अंदाजे वेळ आधीच सांगायची, म्हणजे माणसांनी रांगेत उभं राहायला नको. हा शेवटचा भाग लोकांना फारच आवडला. मकबूलनं पुढचा आठवडा भांडण न ऐकता काढला आणि तक्रार केली की दिवस जात नाही.

तोंडी परीक्षेला मला जावं लागलं. दाखल्यावर 'आस्थापनेचा प्रतिनिधी हजर राहील' असं वाक्य होतं, आणि मॅनेजिंग डायरेक्टरांना दळण होतं. मी इस्त्रीचा सदरा घालून लोणी काळभोरची बस धरली. मैना शेजारी बसली होती. वाटेत तिनं एकदाही पुस्तक उघडलं नाही, हे बघून मला काळजीही वाटली आणि बरंही.

प्रयोगशाळेत एका टेबलामागे तिचे मार्गदर्शक सर आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेले परीक्षक बसले होते. परीक्षकांनी दाखल्यावरचा शिक्का बराच वेळ पाहिला.

"तुमची सिस्टीम यशस्वी झाली का?"

"नाही सर," मैना म्हणाली. "पहिल्या दिवशी बंद पडली."

मार्गदर्शक सरांनी कपाळाला हात लावला. पण तिनं सगळं सांगितलं. टिफिन, तांब्या, पोतं, पितळी डबा. परीक्षकांनी मधेच तिरका प्रश्न टाकला, की चार अटींपैकी एक काढायची तर कुठली काढशील? ती अडखळली नाही. पाठांतराच्या सुरुवातीलाही गेली नाही. चक्की दोघांना एकदम देता येत नाही, म्हणाली, आणि काकूंच्या हातातला डबा ओढून घेता येत नाही, जीव गेला तरी. म्हणून धरून वाट बघणंच थांबवायचं. लागणाऱ्या सगळ्या वस्तू एकदम मिळाल्या तरच काम सुरू करायचं, नाहीतर कशालाच हात लावायचा नाही.

"आणि त्या भाजणीचं काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

"सरांनी खाल्ली."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान झुकवली. त्यांनी गुणांचा कागद ओढला, आकडा लिहिला, आणि पेन थांबवलं.

"प्रकल्पाच्या या जर्नलवर मार्गदर्शकांची सही नाही. ती झाल्याशिवाय मी या कागदावर सही करू शकत नाही."

मार्गदर्शक सर म्हणाले, "सर, नियम असा आहे की तुमची सही झाली की प्रकल्प मान्य. मग मी जर्नल प्रमाणित करतो. आधी नाही करता येत."

"आमच्याकडे उलट आहे."

"आमच्याकडे असंच आहे."

"मग गैरहजर मांडावं लागेल," परीक्षक खेदानं म्हणाले. माणूस वाईट नव्हता, दोघंही नव्हते. एकाच्या हाताखाली कागद, दुसऱ्याच्या हाताखाली जर्नल, आणि दोघंही आदरानं एकमेकांची वाट बघत होते. मी तोंड उघडणार होतो. मोठ्यांचं मोठ्यांनी ऐकावं, असं काहीतरी बोलणार होतो. मैनानं माझ्याकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

मग तिनं काय केलं ते ऐका. तिनं जर्नल दोघांच्या मधोमध सरकवलं, पहिलं पान उघडलं, त्याच्या शेजारी गुणांचा कागद कडेला कड लावून ठेवला. आपल्या पिशवीतून दोन पेनं काढली, टोपणं काढून एक एकाच्या हातात दिलं, एक दुसऱ्याच्या.

"सर, एकदमच करता का? मी तीन म्हणते."

दोघं वाकले. ती तीन म्हणाली. दोन डोकी एकमेकांना हलकेच लागली, दोन्ही सह्या झाल्या, आणि आधी कुणाची झाली हे दोघांपैकी कोणीही सांगू शकलं नसतं. मैनानं जर्नल उचललं, दोघांना नमस्कार केला, दाराकडे गेली आणि बाहेर बाकावर डोळे मिटून व्याख्या पुटपुटत बसलेल्या पुढच्या मुलीला म्हणाली, "ये गं आत. आत्ता दोघंही मोकळे आहेत."